लिस्बनची सहल: संस्कृती, खाणे आणि स्थळदर्शन यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपात सुटी घालवायची आणि एकाच शहरात निवांत राहून ते नीट पाहायचे, असे ठरवलेल्या मराठी वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. पोर्तुगालची राजधानी लिस्बन हे त्यासाठी निवडलेले शहर आहे. दहा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या सहलींपेक्षा वेगळे काही करू इच्छिणाऱ्यांना त्यांचा उपयोग व्हावा.

युरोपातील इतकी शहरे सोडून लिस्बनच का निवडावे?

मराठी माणूस लिस्बनमध्ये पहिल्यांदा उतरला, तरी त्या शहराशी त्याची ओळख जुनीच असते. सकाळी बेकरीत गेल्यावर काचेमागे जो ‘पांव’ दिसतो, तो आपला पाव. बाजारात ‘बटाटा’ मागितला तर विक्रेत्याला काहीच समजावून सांगावे लागत नाही. घराची ‘शाव्ह’ म्हणजे आपली चावी, ‘पगार’ म्हणजे पैसे देणे, ‘लैलांव’ म्हणजे लिलाव, ‘फीता’ म्हणजे फीत आणि ‘गामेला’ म्हणजे घमेले. हापूस आंब्याच्या नावातही पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकर्क दडलेला आहे. वसईचा किल्ला, चौल-रेवदंड्याची तटबंदी किंवा कोर्लईचा डोंगर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना लिस्बनच्या बेलेम भागात नदीकाठी उभे राहिल्यावर ज्या बंदरातून ते किल्ले बांधणाऱ्या पोर्तुगिजांची जहाजे निघाली तेच समोर दिसते. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर तिथल्या चर्चमधील घंटा महाराष्ट्रातील अनेक देवळांत नेऊन बांधल्या गेल्या, आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्यांपैकीच एक मानली जाते. आपल्या इतिहासाचे एक पान लिस्बनमध्ये ठेवलेले आहे. ते वाचायला जाणे, हे या सहलीचे माझ्या मते सर्वांत मोठे कारण आहे.

याखेरीज व्यवहारातही हे शहर सोयीचे आहे. पश्चिम युरोपातील इतर राजधान्यांच्या मानाने खाणे आणि प्रवास स्वस्त पडतो, विमानतळ शहराला लागून आहे आणि बहुतेक ठिकाणे ट्रॅम, मेट्रो किंवा पायी गाठता येतात.

किती दिवस ठेवावेत?

पाच पूर्ण दिवस ठेवावेत. चार शहरासाठी आणि एक सिंत्रा या जवळच्या गावासाठी. तीन दिवसांतही लिस्बन ‘होते’, पण मग टेकड्या चढण्या-उतरण्यातच जीव मेटाकुटीला येतो आणि चौकातल्या बाकावर बसून लोक पाहण्याची सवड राहत नाही. अर्ध्या दिवसाला एकच टेकडी, हा नियम मनाशी धरावा. सकाळी अल्फामा ही जुनी वस्ती आणि तिच्यावरचा किल्ला केला, तर दुपारनंतर शियादोच्या टेकडीचा हट्ट न धरता खालच्या सपाट बैशा भागात फिरावे.

कोणत्या महिन्यात जावे?

एप्रिलचा मध्य ते जूनचा मध्य आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे दोन काळ उत्तम असतात. शाळांच्या मे महिन्याच्या सुटीशी पहिला काळ छान जुळतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते आणि गर्दीही फार होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पावसाचा काळ. थंडी फार नसली तरी पावसात ओले झालेले दगडी पदपथ अतिशय निसरडे होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रस्त्याच्या कोपऱ्यावर धुराच्या गाडीवर भाजलेले चेस्टनट विकायला असतात. कागदाच्या पुडीत मिळणारे ते गरम दाणे सोलून खाताना आपल्याकडच्या भाजलेल्या शेंगांची आठवण हमखास होते.

व्हिसाचे काय करावे लागते?

पोर्तुगाल शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे अल्पकालीन शेंगेन व्हिसा लागतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क त्याव्यतिरिक्त द्यावे लागते. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा बंधनकारक आहे. पारपत्र गेल्या दहा वर्षांत दिलेले असावे आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यात जायचे असेल तर भेटीची वेळ मिळायला फार ओढाताण होते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच कागदपत्रे तयार ठेवावीत. आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नियमानुसार वापरलेल्या भारतीय नागरिकांना दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. ही सवलत एप्रिल २०२४ मध्ये आली, आणि ज्यांचे नातेवाईक युरोपात आहेत त्यांनी ती जरूर लक्षात ठेवावी.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेणारी नवी नोंदणीपद्धत सुरू झाली आहे. लिस्बनला उतरल्यावर रांगेत वेळ जाऊ शकतो. उतरल्यानंतर दोन तासांच्या आत पुढची कोणतीही वेळ ठरवून ठेवू नये.

राहण्यासाठी कोणता भाग चांगला?

गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी बैशा किंवा आव्हेनिदा दा लिबेर्दाद या सपाट भागात मेट्रो स्थानकाजवळ खोली घ्यावी. अल्फामातील घरे सुंदर असतात, परंतु तिथे गाडी पोहोचत नाही आणि सामान पायऱ्यांवरून उचलून न्यावे लागते. शिवाय जुन्या इमारतींत उद्वाहक (लिफ्ट) असेलच असे नाही. तेरा वर्षे आणि त्यावरील प्रत्येक व्यक्तीमागे रात्रीला ४ युरो नगरकर आकारला जातो आणि तो सलग सात रात्रींपर्यंतच घेतला जातो. हॉटेलने तो वेगळा मागितला तर गोंधळून जाऊ नये.

शहरात फिरायचे कसे? ज्येष्ठांना चढ झेपतील का?

मेट्रोच्या चार मार्गिका आहेत आणि लाल मार्गिका थेट विमानतळाला जोडलेली आहे. स्थानकावरील यंत्रातून ‘नाव्हेगांत’ नावाचे कागदी कार्ड अर्ध्या युरोला मिळते. त्यात पैसे भरून मेट्रो, ट्रॅम, बस आणि नदीवरची बोट असे सगळीकडे चालते. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागते, एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही.

चढांचे उत्तर स्थानिक लोकांनी शोधून ठेवले आहे. खालच्या बैशातून वर शियादोला जायचे असेल, तर ‘बैशा-शियादो’ मेट्रो स्थानकात शिरून सरकत्या जिन्यांनी वर निघावे. किल्ल्याच्या दिशेने जायचे असेल, तर रुआ दुश फांकैरुश या रस्त्यावरील एका इमारतीत सार्वजनिक उद्वाहक आहे आणि तो फुकट आहे. या दोन युक्त्यांनी साठ-सत्तरीच्या माणसांचा दिवस वाचतो.

२८ क्रमांकाची पिवळी ट्रॅम हा पर्यटकांचा लाडका प्रवास. मार्तीं मोनीझपासून ग्रासा, अल्फामा, शियादो, एश्त्रेला असे करत ती काम्पु द ओरिकपर्यंत जाते. लाकडी बाके, पितळी दांडे आणि काही ठिकाणी भिंतीला खेटून निघणारी गाडी, हा अनुभव घ्यावाच. पण सकाळी आठच्या आत किंवा काम्पु द ओरिकच्या टोकाकडून उलट दिशेने. दहा वाजल्यानंतर या ट्रॅममध्ये गर्दी आणि खिसेकापू दोन्ही असतात.

टेकड्यांवर चढणाऱ्या रज्जुगाड्यांपैकी ग्लोरिया येथील गाडीला ३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या भीषण अपघातात १६ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर अशा इतर गाड्याही तपासणीसाठी थांबवण्यात आल्या. त्यांच्यावर अवलंबून राहून कार्यक्रम आखू नये.

शहराचा मधला भाग इतका सरळ रेषेत आणि बाकीचा वेडावाकडा का आहे?

याचे उत्तर एका सकाळीत आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेले असताना प्रचंड भूकंप झाला. त्यामागून नदीतून समुद्राच्या लाटा शहरात शिरल्या, आणि वेद्यांवर लावलेल्या मेणबत्त्यांपासून भडकलेली आग कित्येक दिवस विझली नाही. नदीकाठचा राजवाडा, त्यातील ग्रंथालय आणि पूर्वेच्या व्यापाराचा कारभार पाहणारी ‘काझा दा इंदिया’ ही कचेरी, सर्व नष्ट झाले. राजाचा मंत्री सेबाश्तियांव जोझे, म्हणजे पुढचा मार्क्विस ऑफ पोंबाल, याने मधला सखल भाग काटकोनी रस्त्यांचा करून नव्याने बांधला. भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा पिंजरा बसवून हादरा सहन करतील अशी घरे उभी केली. भूकंपाचा विचार करून आखलेल्या युरोपातील सर्वांत जुन्या बांधकामांत त्यांची गणना होते. लातूर आणि भूज आठवणाऱ्या वाचकांनी या गल्ल्यांतून चालताना त्या पिंजऱ्याची आठवण जरूर ठेवावी.

हे सगळे एका जागी समजून घ्यायचे असेल तर कार्मोच्या मठात जावे. १३८९ मध्ये स्थापन झालेल्या या मठाच्या चर्चचे छत भूकंपात कोसळले आणि ते पुन्हा घातलेच गेले नाही. दोन्ही बाजूंना उंच दगडी कमानी उभ्या आहेत, त्यांच्यामध्ये मोकळे आकाश आहे आणि खाली गवत. सकाळच्या वेळी कमानींच्या सावल्या गवतावर बरगड्यांसारख्या पडतात. मी तिथे अर्धा तास ठरवून गेलो होतो आणि दोन तासांनी बाहेर आलो.

बेलेममध्ये काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने?

बेलेम शहराच्या पश्चिमेला आहे आणि प्रासा दा फिगैरा येथून १५ क्रमांकाची ट्रॅम तिथे जाते. सोमवारी बहुतेक संग्रहालये बंद असतात, त्यामुळे तो वार टाळावा. जेरोनिमोस मठाचे तिकीट आधीच ऑनलाइन काढावे, अन्यथा उन्हात तासभर उभे राहावे लागते.

राजा मानुएल पहिला याने १५०१ च्या सुमारास या मठाचे काम सुरू केले आणि ते जवळजवळ शतकभर चालले. आफ्रिका आणि पूर्वेकडील व्यापारावरील सुमारे पाच टक्के करातून त्याचा खर्च भागवला गेला. खांबांवर दोरखंड, गाठी, पोवळी आणि समुद्री वनस्पती कोरलेल्या आहेत. मठाच्या चर्चमध्ये शिरताच वास्को द गामा आणि कवी कामोंइश यांच्या समाध्या समोरासमोर दिसतात. गामाचा मृत्यू १५२४ मध्ये कोचीन येथे झाला आणि त्याच्या अस्थी पुढे पोर्तुगालला नेण्यात आल्या. बहुतेक पर्यटक इथूनच मागे फिरतात. आपण मात्र वेदीपर्यंत चालत जावे. तिथे राजांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. लिस्बनच्या चर्चमध्ये, येशूच्या वेदीच्या दोन्ही अंगांना, राजाचे ओझे वाहणारे हत्ती! मसाल्याच्या व्यापाराची कहाणी इतक्या थोडक्यात दुसरीकडे कुठेही सांगितलेली मला आढळली नाही.

पुढे नदीकाठी बेलेमचा बुरूज आहे. तो बाहेरून पाहणेही पुरते. त्याच्या एका कोपऱ्याखाली झिजलेला गेंड्याचा दगडी चेहरा आहे. गुजरातचा सुलतान मुझफ्फर याने आफोन्सो द आल्बुकर्कला भेट दिलेला गेंडा १५१५ च्या मे महिन्यात जहाजाने लिस्बनला पोहोचला, आणि पोर्तुगीजांनी त्याचे नावही ‘गांदा’ असेच ठेवले. जर्मन चित्रकार आल्ब्रेश्त ड्यूररने न पाहता, केवळ वर्णन आणि एका रेखाटनावरून याच प्राण्याचे प्रसिद्ध चित्र कोरले. लहान मुले बरोबर असतील तर हा गेंडा शोधण्याचे काम त्यांच्यावर सोपवावे.

नदीकाठी जे भव्य ‘शोधांचे स्मारक’ आहे ते १९६० चे, म्हणजे सालाझारच्या हुकूमशाहीच्या काळातील आहे. त्यावर गामा, आल्बुकर्क आणि सेंट फ्रान्सिस झेवियर अशी आपल्या परिचयाची माणसे कोरलेली आहेत. ते पाहताना मन स्वस्थ राहत नाही, आणि राहूही नये.

वसाहतवादाची दुसरी बाजू सांगणारे काही लिस्बनमध्ये आहे का?

आहे, आणि मराठी व गोमंतकीय वाचकांनी ते चुकवू नये. कॅथेड्रलच्या अगदी शेजारी ‘आल्जुब’ हे जुन्या राजकीय तुरुंगाचे संग्रहालय आहे. सालाझारच्या गुप्त पोलिसांनी विरोधकांना अंगही वळवता येणार नाही अशा अरुंद कोठड्यांत तिथे कोंडले होते. संग्रहालयात वसाहतींमधील स्वातंत्र्यलढ्यांचीही नोंद घेतलेली आहे.

शहराच्या पश्चिमेला किनाऱ्याच्या रेल्वेमार्गावर काशियश नावाचे गाव लागते. तिथल्या किल्ल्यातील तुरुंगात मोहन रानडे होते. सांगलीचा हा तरुण आझाद गोमंतक दलात सामील झाला, १९५५ मध्ये पकडला गेला आणि पुढे पोर्तुगालला नेला गेला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तरी त्यांची सुटका व्हायला जानेवारी १९६९ उजाडला. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हा यांना लिस्बनच्या उत्तरेला समुद्रात घुसलेल्या पेनीशच्या किल्ल्यात ठेवले होते. तो किल्ला एप्रिल २०२४ पासून प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय म्हणून खुला आहे. एक दिवस जास्तीचा असेल तर बसने तिथे जाऊन यावे.

२५ एप्रिल १९७४ रोजी सैनिकांनी ही राजवट उलथली आणि लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोवली. शेवटच्या दिवशी सालाझारनंतरचा पंतप्रधान काएतानो ज्या कचेरीत अडकला होता, ती कार्मोच्या चौकातच आहे. त्या क्रांतीनंतरच्या सरकारने त्याच वर्षी गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. मडगावशी कौटुंबिक नाते असलेले आंतोनियो कॉश्ता पुढे लिस्बनचे महापौर, २०१५ ते २०२४ या काळात पोर्तुगालचे पंतप्रधान आणि डिसेंबर २०२४ पासून युरोपीय परिषदेचे अध्यक्ष झाले, हाही याच इतिहासाचा पुढचा अध्याय आहे.

संग्रहालयांपैकी एकच पाहायचे असेल तर?

राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालय पाहावे. पूर्व आफ्रिकेतील किल्व्याहून गामाने आणलेल्या खंडणीच्या सोन्यातून १५०६ मध्ये घडवलेले धर्मपात्र तिथे आहे. पोर्तुगीज खलाशी जपानी चित्रकारांना कसे दिसले ते सांगणारे जपानी पडदे आहेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भारतात तयार झालेली लाकडी-हस्तिदंती कपाटे आणि पेट्या आहेत. त्या पेट्यांवरची वेलबुट्टी आपल्या कारागिरांच्या हातची आहे हे लांबूनही कळते. पूर्वेकडील देशांविषयी आस्था असणाऱ्यांनी आल्कांतारातील म्युझेउ दु ओरिएंतही पाहावे; खारवलेल्या माशांच्या जुन्या गोदामात ते २००८ मध्ये उघडले. ते चालवणाऱ्या फुंदासांव ओरिएंतचे कार्यालय पणजीच्या फोंतेन्यासमध्येही आहे.

निळ्या-पांढऱ्या फरशा, ज्यांना ‘अझुलेझु’ म्हणतात, त्यांचे स्वतंत्र संग्रहालय १५०९ च्या एका मठात आहे. भूकंपापूर्वीचे लिस्बन दाखवणारे सुमारे २३ मीटर लांबीचे फरशीचित्र हे तिथले वैभव. शब्द अरबी मुळाचा असून त्याचा निळ्या रंगाशी संबंध नाही, घासून गुळगुळीत केलेला दगड असा त्याचा अर्थ होतो. सध्या लिस्बनमधील अनेक वास्तूंची दुरुस्ती चालू असते, त्यामुळे निघण्यापूर्वी प्रत्येक संग्रहालय उघडे आहे का ते पाहून घ्यावे.

फादो ऐकायला कुठे आणि कसे जावे?

फादो हे लिस्बनचे स्वतःचे गाणे आहे. अल्फामा आणि मौरारिया या जुन्या वस्त्यांत ते एकोणिसाव्या शतकात घडले आणि २०११ मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून स्थान दिले. बारा तारांची पोर्तुगीज गिटार, साथीला साधी गिटार आणि डोळे मिटून गाणारी व्यक्ती, एवढेच साहित्य. भाषा समजत नसली तरी विरहाचा स्वर समजतो.

रात्री साडेआठच्या सुमारास लहानशा खाणावळीत टेबल राखून जावे. जेवणाच्या मध्येच दिवे मंदावतात, कोणीतरी हळू आवाजात शांततेची विनंती करते, आणि काटे-चमचे खाली ठेवले जातात. वाढपीसुद्धा हातातली थाळी घेऊन दारात थांबतो. गाणे संपेपर्यंत बोलू नये, खाऊ नये आणि भ्रमणध्वनीचा प्रकाश दाखवू नये. आपल्याकडे बैठकीत आलापी चालू असताना जी अदब पाळली जाते, तीच इथे पाळावी. तीन-चार गाणी झाली की दिवे वाढतात आणि जेवण पुढे सुरू होते. महागड्या कार्यक्रमापेक्षा ‘फादो व्हादियो’, म्हणजे शेजारपाजारचे हौशी लोक गातात ती बैठक, मला अधिक भावली. ज्यांना जाण्यापूर्वी कान तयार करायचे असतील, त्यांनी फादोच्या विख्यात गायिका आमालिया रोद्रिगेश यांची ध्वनिमुद्रणे ऐकावीत आणि सोबत गोव्याच्या सोनिया शिरसाट यांचे फादोही ऐकावेत.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी राहणार नाही, पण विचारून खावे लागेल. ‘सेम कार्न, सेम पैश’, म्हणजे मांसाशिवाय आणि माशाशिवाय, हे चार शब्द पाठ करावेत. ‘सोपा द लेगुमेश’ हे भाज्यांचे सूप जवळजवळ प्रत्येक खानावळीत असते. त्यात मांसाचा रस्सा नाही ना, एवढे विचारावे. ‘काल्दू व्हेर्द’ या बटाटा आणि हिरव्या पानांच्या प्रसिद्ध सूपमध्ये शेवटी डुकराच्या मांसाच्या चकत्या टाकतात, त्या नकोत असे आधीच सांगावे. चीज खाणाऱ्यांसाठी आनंदाची गोष्ट म्हणजे सेर्रा दा एश्त्रेला आणि अझैतांव ही मेंढीच्या दुधाची चीज प्राण्यांपासून मिळणाऱ्या रेनेट या विरजणाऐवजी एका काटेरी फुलाच्या अर्काने विरजतात. मऊ चीज, ताजा पाव, ऑलिव्ह आणि टोमॅटो एवढ्यात दुपारचे जेवण उत्तम होते.

अंडे चालत असेल तर ‘पाश्तेल द नाता’ हा अंड्याच्या पिवळ्या बलकाचा गोड पापुद्री पदार्थ खावाच. बेलेममधील मूळ दुकान १८३७ पासून चालू आहे. वरचा थर जागोजागी करपलेला, कडा कुरकुरीत आणि आतले सारण कोमट असे असताना वरून दालचिनीची पूड भुरभुरवून तो उभ्या-उभ्याच खातात. मात्र गोड पदार्थ म्हणजे शाकाहारी असे समजू नये. काही ठिकाणी पापुद्र्यासाठी चरबी वापरतात, आणि ‘आबाद द प्रिश्कुश’ नावाच्या पुडिंगमध्ये तर डुकराची चरबी घालतातच.

घरच्यासारखे जेवण हवे असेल तर लुमियार भागातील राधाकृष्ण मंदिराच्या परिसरात शाकाहारी जेवण मिळते. तिथला समाज मुख्यत्वे मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती कुटुंबांचा आहे. मार्तीं मोनीझच्या आसपास भारतीय वाणसामानाची दुकानेही आहेत.

मांसाहारी खवय्यांनी काय चाखावे?

खारवून वाळवलेला कॉड मासा, ‘बाकाल्याव’, हा पोर्तुगिजांचा जीव की प्राण. हा मासा त्यांच्या समुद्रात मिळतच नाही. उत्तर अटलांटिकच्या गार पाण्यातून तो शतकानुशतके आणला जातो. दुकानात त्याचे पांढरट कडक तुकडे रचलेले दिसतात आणि वास थेट आपल्या सुक्या मासळीच्या बाजारासारखा येतो. शिजवण्यापूर्वी तो दिवसभर पाणी बदलत भिजवतात. सुरुवातीला ‘बाकाल्याव आ ब्राश’ मागवावा. माशाचे तंतू, बारीक तळलेला बटाटा आणि अंडे यांचे ते मऊ मिश्रण मराठी जिभेला लगेच रुचते.

जून महिन्यात निखाऱ्यावर भाजलेले सार्डिन खावेत. तारलीची चव ठाऊक असणाऱ्या कोकणातल्या माणसाला ते परके वाटणार नाहीत. ‘व्हिन्या दाल्योश’ म्हणजे दारू-व्हिनेगर आणि लसणात मुरवलेले मांस, आणि तेच गोव्यात विंदालू झाले. कॉफीच्या दुकानात काचेखाली दिसणारा ‘शामुसा’ हा आपला सामोसा आहे. तो गोवा आणि आफ्रिकेच्या वाटेने इथे आला आणि आता त्याला कोणी परदेशी समजत नाही. शहरात गोव्याची खानपानगृहेही आहेत, तिथली शाकुती एकदा खाऊन पाहावी.

दुपारी ‘प्रातु दु दिया’, म्हणजे आजची थाळी, मागवली तर पोटभर आणि माफक दरात जेवण होते.

न मागता टेबलावर पाव-ऑलिव्ह आणून ठेवतात, ते फुकट असते का?

नसते. त्याला ‘कुवेर’ म्हणतात आणि खाल्ले तर त्याचे पैसे लागतात. पहिल्या संध्याकाळी एका खाणावळीत हे मला ठाऊक नव्हते. चौघांच्या बिलात पाव, लोणी आणि चीज यांचीच मोठी रक्कम निघाली आणि मन खट्टू झाले. न मागितलेल्या आणि हात न लावलेल्या कुवेरचे पैसे द्यावे लागत नाहीत, असा तिथला कायदा आहे. नको असेल तर हसून बशी परत करावी. कोणाला राग येत नाही.

जूनमधला संत आंतोनियोचा सण पाहण्यासारखा असतो का?

अवश्य. १२ जूनच्या रात्री आव्हेनिदा दा लिबेर्दादवरून वस्त्यावस्त्यांच्या मिरवणुका निघतात, आणि अल्फामाच्या बोळांत पताका, सार्डिनचा धूर आणि गाणी यांनी पाय ठेवायला जागा उरत नाही. या दिवसांत ‘मांजेरिकू’ नावाच्या बारीक पानांच्या तुळशीवर्गीय रोपट्याच्या कुंड्या विकतात, त्यात कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोवलेली असते. त्याचा वास नाक लावून घ्यायचा नाही. तळहात पानांवरून अलगद फिरवायचा आणि मग हात हुंगायचा, नाहीतर रोप सुकते असे तिथल्या आजीबाई सांगतात. तुळशीला पारोश्याने हात लावू न देणाऱ्या आपल्या आज्यांची मला तिथे फार आठवण आली. हॉटेलांचे दर या आठवड्यात चढतात, त्यामुळे खोली बरीच आधी राखून ठेवावी.

सिंत्रा एका दिवसात होते का?

रोसिओ स्थानकातून साधारण चाळीस मिनिटांत रेल्वेने सिंत्रा गाठता येते. सकाळची पहिली-दुसरी गाडी पकडावी, पेना राजवाड्याची वेळ आधीच राखून ठेवावी, आणि त्याच्या जोडीला रेगालैराची उलट्या मनोऱ्यासारखी विहीर किंवा मोन्सेराट राजवाडा यांपैकी एकच निवडावे. तिन्ही करायला गेले की एकही धड होत नाही.

सिंत्राच्या पेन्या व्हेर्द या वाडीत, जी भारतातील चौथा व्हाइसरॉय जुआंव द काश्त्रू याची होती, सोमनाथहून नेलेला तेराव्या शतकातील संस्कृत शिलालेख आहे. वाडी खासगी असल्याने आत जाता येत नाही. घारापुरीच्या लेण्यातला शिलालेखही पोर्तुगिजांनी राजाकडे पाठवला, तो कोणालाच वाचता आला नाही आणि पुढे नाहीसा झाला, अशी नोंद इतिहासकार दियोगु दु कौतु याने केली आहे. त्या वाडीच्या भिंतीवरून जाताना हे आठवल्यावाचून राहत नाही.

पोर्तुगीज भाषा न येता निभावते का?

निभावते, तरुण मंडळी इंग्रजी चांगले बोलतात. तरी ‘बोम दिया’ म्हणून दुकानात शिरावे. आभार मानताना पुरुषांनी ‘ओब्रिगादु’ आणि स्त्रियांनी ‘ओब्रिगादा’ म्हणावे. आणि गोव्याहून किंवा वसईहून आलो आहोत असे सांगितले, तर वयस्क माणसे हातातले काम थांबवून गप्पा मारतात.

शेवटच्या संध्याकाळसाठी काय राखून ठेवावे?

काइश दु सोद्रे येथून नदीपलीकडच्या कासील्याशला जाणारी बोट. तेच नाव्हेगांत कार्ड चालते आणि जेमतेम दहा मिनिटांत पलीकडे पोहोचता येते. धक्क्यावर उतरले की पश्चिमेला १९६६ चा लाल पूल दिसतो. तो बांधला तेव्हा त्याला सालाझारचे नाव होते, क्रांतीनंतर ‘२५ एप्रिल’ हे नाव दिले गेले. समोर पाण्यापलीकडे सगळ्या टेकड्या एका नजरेत येतात: डावीकडे दूर बेलेम, मध्ये कार्मोच्या कमानी, उजवीकडे किल्ला. सूर्यास्ताच्या तासभर आधी निघावे, अंगावर पातळ जाकीट असावे कारण नदीवर वारा बोचतो, आणि परतीच्या बोटीत डाव्या बाजूची खिडकी धरावी.